बॅटरीच्या डब्यात उरलेली जागा

आण्णांची मोटारसायकल बॅटरीशिवायही चालायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. तिच्या इंजिनाला ठिणगी द्यायला मॅग्नेटो होता. किक मारली की गाडी आपली वीज आपणच तयार करायची आणि चालू लागायची. बॅटरी लागायची ती फक्त पुढच्या दिव्याला, मागच्या तांबड्या दिव्याला आणि भोंग्याला. गाडी विलायती, दुसऱ्या लढाईतली. लष्कराने मोडीत काढलेल्या मालातून कुणी ती पुण्याला नेली, तिथून चिपळूणच्या एका डॉक्टरांकडे आली, आणि डॉक्टरांनी मोटार घेतल्यावर आण्णांकडे. मूळ रंग खाकी होता म्हणे. माझ्या आठवणीत ती काळीच आहे, कारण दर दिवाळीला कवाडांना रंग दिला की डब्यात उरलेला काळा रंग आण्णा तिला द्यायचे.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते देवी टोचायचे. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा काय होता ते असो, लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणायचे. चिपळुणापासून खाली दाभोळपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर अशी एक वाडी, असा एक मोहल्ला नव्हता की जिथल्या माणसांच्या दंडावर आण्णांच्या हातचे गोल व्रण नव्हते. गाडीचा आवाज धप्प, धप्प असा, दोन ठोक्यांमध्ये श्वास घेतल्यासारखा. तो वळणावर ऐकू आला की बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या. पुढे देवी गेल्या, आण्णा निवृत्त झाले, गुडघे धरले म्हणून त्यांनी गाडी चालवणंही सोडलं. पण तोच आवाज ऐकला की तीच पोरं, आता बाप झालेली, पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर यायची. हा आवाज माझ्या फार उपयोगी पडला आणि मी तो वापरला. वापरला हाच शब्द बरोबर आहे.

घर आमचं सावर्ड्याला, बाजार संपतो तिथून थोडं आत. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आणि पावसाळाभर कौलांवर असा आवाज की जेवताना एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. मी तसाही ओरडूनच बोलायचो. बावीस वर्षांचा होतो, पदवी घेऊन बसलो होतो, नोकरी बघत नव्हतो. आम्ही चार जण होतो आणि आमच्याकडे एक सायक्लोस्टाईल मशीन होतं. या पाच जणांना आम्ही संघटना म्हणायचो. पत्रकं मी लिहायचो. माझ्या पत्रकात ‘निषेध’ हा शब्द नसलेला परिच्छेद शोधून काढावा लागला असता. आई भात वाढायला यायची तेव्हा मी मुकादम, आमदार, कारखानदार यांच्यापैकी कुणाला तरी फाडत असायचो. आई म्हणायची, ह्याच्या पानात आमटी वाढायची तरी मोर्च्यातून वाट काढत यावं लागतं.

पत्रकांचे गठ्ठे आम्ही चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचो. दुसरीकडे कुठे ठेवले तर आठवड्याभरात त्यांना बुरशी यायची. पावसाळ्यात कोकणात कागद टिकवणं हे एक वेगळंच काम असतं, बाहेरच्या माणसाला ते सांगून कळत नाही. माळ्यावर आमच्या शेजारी आंबोशीचं मडकं आणि सुकटीची टोपली होती. त्यामुळे भांडवलशाहीविरुद्धच्या माझ्या सगळ्या लिखाणाला धुराचा आणि सुकटीचा वास होता. एका अधिकाऱ्याने पत्रक हातात घेऊन आधी नाकाला लावलं होतं, ते मला अजून आठवतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

आईचं माहेर वेळणेश्वरचं, समुद्राकाठचं. मासळीतलं तिला जे कळायचं ते बाजारात बसलेल्या बायांनाही कळत नसे. पण खाडीची बोयटं आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, यांचं तिला समुद्राच्या मासळीपेक्षा जास्त कौतुक. तिसऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी आणि तोंडी लावायला भाजलेल्या आठळ्या, एवढ्यावर आमचा श्रावणाआधीचा आठवडा जायचा. मग वरच्या अंगाला खाडीच्या काठी रसायनांचा एक कारखाना आला. दोन वर्षांत आईने खाडीची मासळी घ्यायची बंद केली. एकदा तिने कालवणाचं अख्खं पातेलं परसात नेऊन ओतलं. मांजराने वास घेतला आणि ते निघून गेलं. आईने पातेलं तीनदा घासलं. मी त्या दिवशी पत्रक लिहिलं. त्या पत्रकात मांजर घातलं नाही. मला ते पुरेसं गंभीर वाटलं नव्हतं. आज वाटतं, तेवढं एक मांजर घातलं असतं तर लोकांनी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं असतं.

तर त्या वर्षी कारखान्याने सांडपाण्याची दुसरी नळी थेट खाडीत सोडायची परवानगी मागितली. कुणाची हरकत असेल तर जिल्ह्याच्या कचेरीत कळवा, अशी नोटीस निघाली. कारखान्याचं म्हणणं, खाडीत आता मासेमारी करून पोट भरणारं कुणी राहिलेलंच नाही, सगळे मुंबईला नाहीतर आखातात गेले. हे धडधडीत खोटं होतं. ते खोटं पाडायला एकच गोष्ट हवी होती: दोन्ही काठांवरच्या भोयांची आणि दालद्यांची, म्हणजे खाडीवरच्या हिंदू-मुसलमान मच्छीमारांची, नावं, आणि प्रत्येक नावापुढे सही किंवा अंगठा, की आम्ही इथे मासे मारतो, आमची हरकत आहे. ते कागद मुदतीत कचेरीत पोचले तर नळी निदान अडणार होती. नाही पोचले तर पडणार होती. एवढं सरळ होतं. मी आयुष्यात पुढे बऱ्याच लढाया लढलो, पण जिंकायच्या इतक्या जवळ पुन्हा कधी आलो नाही.

नेमकी त्याच महिन्यात बॅटरी मेली. ती जुनी बॅटरी म्हणजे काळ्या रबराचं तीन कप्प्यांचं धूड होतं, आण्णा त्यात आजाऱ्याला औषध पाजावं तसं शुद्ध पाणी घालायचे. एका सकाळी भोंगा दाबला तर म्हातारा खाकरावा तसा आवाज आला आणि तोही तिथेच संपला. मी म्हटलं, जाऊ दे, इंजिन चालतंय ना. आण्णा म्हणाले, दिवा-भोंगा नसेल तर गाडी अंगणाबाहेर जाणार नाही. खाडीकाठच्या वाटेला वळणावळणाला शाळेची पोरं असतात. या एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

म्हणून आम्ही गाडी ढकलत हसन मिस्त्रींकडे नेली. हसन मिस्त्रींचं गॅरेज हायवेला लागून. आण्णांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला आण्णांना चालायचा नाही, आणि मिस्त्रींनाही. त्यांनी बॅटरी उचलून कानाशी हलवली, आतली खळखळ ऐकली आणि ती मातीत ठेवली. मापाची बॅटरी मुंबईहून मागवावी लागेल म्हणाले, एक ओळखीचा व्यापारी आहे, पत्र टाकतो, तीन आठवडे धरा. नाहीतर चिपळुणात नव्या छोट्या गाड्यांची सहा व्होल्टची बॅटरी मिळते, ती उद्याही मिळेल. पण ती एवढीशी, म्हणून त्यांनी हाताने जेवढी दाखवली तेवढी आमच्या जुन्या बॅटरीची निम्मी.

आण्णा म्हणाले, थांबू. तिच्या मापाची येऊ दे.

मी उसळलो. तीन आठवड्यांत मुदत संपणार होती. मी तिथे गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्यावर उभं राहून द्यावं तसं, आण्णांना भाषण दिलं. खाडीतली माणसं उपाशी मरतायत आणि तुम्हाला दिवा झगझगीत हवा. मी दिवसा जाणार, दिवसा येणार. मोठी बॅटरी ही चैन आहे, निव्वळ चैन. ‘मध्यमवर्गीय’ हा शब्दही मी वापरला. ज्या माणसाने भर पावसात तीस वर्षं लोकांच्या पोरांचे दंड टोचले त्याला.

हसन मिस्त्री माझ्याकडे न बघता पान्याने काहीतरी आवळत म्हणाले, “सदा, एक गोष्ट समजून घे. ह्या गाडीचा डायनामो मोठ्या बॅटरीसाठी बांधलेला हाय. तान्ह्या पोराच्या तोंडात हंडा ओतलास तर काय होईल? ओकेल ना? तशी ही ओकणार. जवळपास फिरलास तर चालून जाईल. लांब पल्ला मारलास तर तेजाब बाहेर येणार.”

मी विचारलं, मग काय करायचं. तर म्हणाले, दर दोन दिवसांनी पाणी बघ. बॅटरीला ही रबराची नळी असते, तिचा श्वास ती, ती डब्याच्या बाहेर खाली सोडलेली राहू दे. आणि बाजूला जी पोकळी राहील तिथे मी लाकडाचा ठोकळा ठोकून देतो, म्हणजे ती हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवली तेव्हा मी ती पोकळी पाहिली. सीटखाली डाव्या अंगाला पत्र्याचा जाड डबा, वर झाकण, झाकणाला पट्टा, आणि आत बॅटरीच्या बाजूला सबंध वीतभर मोकळी जागा. कोरडी. इतक्या वर्षांत त्या डब्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी फुलस्केप कागदांचा गठ्ठा मधोमध दुमडून तिथे धरला. मोजून केल्यासारखा बसला. मी मिस्त्रींना म्हटलं, ठोकळा नको. ते म्हणाले, हलेल. मी म्हटलं, हलणार नाही, मी कागद ठेवतो. त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला आणि म्हणाले, “कागद नको. आत हवा खेळू दे.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलंच नाही असं म्हणायची सोय नाही. पण मला शिकवलेलं असं होतं की ज्याला काही करायचं नसतं तो अडचणी सांगतो. हसन मिस्त्रींना मी त्या यादीत टाकलं. आता तुम्ही म्हणाल, खांद्यावरची पिशवी होती, मागे खोकं बांधता आलं असतं. पिशवी श्रावणात दुपारपर्यंत पिळून काढायची वेळ यायची. आमच्या भागातल्या माणसाला कोरडी जागा दिसली की त्याची अक्कल तिथेच थांबते.

पुढचे बारा-तेरा दिवस मी खाडीचा काठ पिंजून काढला. आमच्या चौघांपैकी एक आजारी पडला, दोघांनी दाभोळची बाजू घेतली आणि गोळा केलेले कागद माझ्याकडे आणून दिले. गाडीचा आवाज आला की लोक बाहेर यायचे, मला बघून म्हणायचे, अरे, हा तर पोर आहे, आणि मग देवीडॉक्टर कसे आहेत, गुडघे कसे आहेत असं विचारून झालं की माझ्या कागदाकडे वळायचे. कागद काय आहे हे फार थोड्यांनी विचारलं. नाव मी लिहायचो, कारण लिहिता येणारे कमी, आणि उजवीकडच्या रकान्यात अंगठा.

पहिला अंगठा येसूकाकीचा. ती भोईवाडीतली, नवरा होडीवर, स्वतः ओहोटीला खडकांवर कालवं फोडायची. तिने पॅडवर अंगठा दाबून कागदावर टेकवला तर नुसता निळा ठिपका. रेषाच नाहीत. कालवांच्या कवच्यांनी घासून घासून अंगठा गुळगुळीत झालेला. मी म्हटलं, काकी, पुन्हा. पुन्हा तसाच ठिपका. तिसऱ्यांदा मी तिचा अंगठा धरून कडेकडेने फिरवला तेव्हा काठाला दोन-तीन रेषा उमटल्या. ती हसत होती. म्हणाली, “माजा अंगठा खाडीनं खाल्लान. आता सरकारला कुठला दाखवू?” तिथल्या बहुतेक बायांचं असंच निघालं. एकेका अंगठ्याला मला तीन-तीनदा मेहनत पडली. कुणाच्या घरी घाई केली नाही, एवढं एक काम मी नीट केलं म्हणायचं.

प्रत्येक वाडीवरून निघताना मी लोकांसमोर डब्याचं झाकण उघडायचो, मेणकापडात गुंडाळलेला गठ्ठा आत सारायचो, पट्टा आवळायचो. लोकांना ते बघून बरं वाटायचं. सरकारी काम कुलपात गेल्यासारखं. गठ्ठा रोज जाड होत होता आणि मी तो रोज अधिक जोराने दाबत होतो. बॅटरीची नळी त्यात कधी दुमडली आणि कधी निसटली ते मला ठाऊक नाही. पाणी मी एकदाच बघितलं.

मुदतीच्या आदल्या शुक्रवारी मी रत्नागिरीला निघालो. आईने कुळथाची पिठी आणि भात खाऊ घातला, आण्णा पायरीवर बसून होते. पाऊस होता, दुपारही काळोखी होती. आण्णा म्हणाले दिवा लाव. मी लावला नाही. बॅटरी लहान आहे, जपून वापरायला हवी, असा माझा हिशेब. सत्तरेक किलोमीटर मी सलग गाडी पळवली. आरवली, संगमेश्वर, हातखंबा, कुठे चहालाही थांबलो नाही. नंतर हसन मिस्त्रींनी मला सांगितलं, दिवा लावून गेला असतास तर डायनामोची निम्मी वीज दिव्याने घेतली असती, बॅटरी एवढी उकळली नसती. त्यांनी ते दोष देण्यासाठी सांगितलं नव्हतं. यंत्राबद्दल खरं असेल ते सांगायचं, एवढाच त्यांचा स्वभाव.

कचेरीच्या आवारात गाडी लावली तेव्हाच आंबूस, जळका वास नाकात गेला. झाकण उघडलं. मेणकापड एका बाजूने विरघळल्यासारखं लिबलिबीत झालं होतं, सुतळी हात लावताच तुटली. मी गठ्ठा बाहेर काढला आणि उजव्या कडेचा भाग, बॅटरीकडे जो होता तो, माझ्या बोटांत तपकिरी चुऱ्यासारखा राहिला. बोटांची आग होऊ लागली तशी ती शर्टाला पुसली. त्या शर्टालाही पुढे भोकं पडली. एकेक कागद सोडवून बघितला. नावं सगळी शाबूत होती. अंगठ्यांचा रकाना गेला होता. वरपासून खालपर्यंत, जवळजवळ प्रत्येक कागदाचा.

तरीही मी आत गेलो. त्या वयात मला वाटायचं की आवाज चढवला की पुरावा लागत नाही. हेडक्लार्क म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, कानात केस, टेबलावर पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. मी हरकत अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वर्तमानपत्रावर पसरायला लावला, चष्मा लावून एकेक पान पाहिलं. मी वाट बघत होतो की ते हाकलून देतील. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. ते म्हणाले, “अहो, ही सगळी नावं एकाच हातची आहेत. तुमच्या. अंगठे कुठायत?”

मी सांगितलं. बॅटरी, तेजाब, सगळं. त्यांनी मान डोलावली. हसले नाहीत. म्हणाले, हे मी घेतलं तर साहेब फेकून देतील आणि पुन्हा कुणी तुमचं काही वाचणार नाही. मुदत सोमवारची आहे. पण मी टपालाची वही मंगळवारी संध्याकाळी बंद करतो. तोवर नवे कागद आणा, मी सोमवारच्या टपालात धरतो. एवढं बोलून त्यांनी शिपायाला माझ्या हातावर ओतायला पाणी आणायला सांगितलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. त्या दिवशी त्या इमारतीत मला एक भला माणूस भेटला. त्यांच्याबद्दल मी कुठल्याही पत्रकात एक ओळ लिहिली नाही.

शनिवारी सकाळी मी खाडीवर गेलो ते खरं सांगायचं ठरवूनच. अख्ख्या वाटेने वाक्यं जुळवत होतो. येसूकाकीच्या पडवीत माणसं जमली होती. गाडीचा आवाज आला होता ना. तिचा नवरा जाळं विणत होता, दहा-बारा पुरुष भिंतीला टेकून, दारात दोन बाया. दिलेस काय कागद, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, दिले. घेतले? इथे मी त्या सगळ्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्यावर किती विश्वास टाकला होता ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं आणि मला ते सोसेना. मी म्हटलं, “घेतले. आणि आता म्हणतात गहाळ झाले. पुन्हा आणा म्हणतात.”

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले की पुन्हा अंगठे देतील, असं माझ्या डोक्यात होतं; चीड निर्माण करणं हाच तर माझा धंदा. कुणीही चिडलं नाही. कुणाला नवलही वाटलं नाही. भिंतीजवळचा एक म्हातारा उठला आणि चप्पल पायात सरकवून निघून गेला. जाळ्याची सुई जरा वेळ थांबली, मग पुन्हा चालू लागली. मी पॅड उघडून मध्ये ठेवलं आणि नवा कागद पसरला. शेवटी येसूकाकीच बोलली.

“त्या कागदावर आमची नावं व्हती ना रं?”

होती म्हटलं.

“मग ते कागद हायत कुठं? कारखान्याकडं तर नाय गेले?”

कागद माझ्या घरी, सुकटीच्या टोपलीशेजारी वाळत घातले होते.

ती म्हणाली, “माज्या थोरल्यानं तिथं वॉचमनीला अर्ज केलान. आमचं नाव त्यांच्या हाती गेलं असेल तर ते एक झालं ते झालं. आता दुसरा अंगठा देऊन त्याच्या पोटावर पाय नाय देत मी. तुजा राग नाय हो. तू बरा हायस. ते लोकच तसे.”

वाडीत नंतर कुणीच अंगठा दिला नाही. पलीकडच्या मोहल्ल्यात मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, तीही वाढून: कागद कारखान्याच्या मॅनेजरच्या टेबलावर दिसले म्हणे. मी सोमवारपर्यंत फिरलो. अकरा अंगठे मिळाले, त्यातले चार माझ्या ओळखीच्या दुकानदारांचे, ज्यांनी आयुष्यात जाळं हातात धरलं नव्हतं. ते घेऊन मी रत्नागिरीला गेलोच नाही. मंगळवारी संध्याकाळी त्या गृहस्थांनी वही बंद केली असेल. माझ्यासाठी किती वेळ थांबले कोण जाणे.

आण्णांना माझं खोटं कळायला आठवडा लागला. भोईवाडीचा कुणीतरी बाजाराला आला होता, त्याने आण्णांना सरकारने कागद कसे गिळले ते सांगितलं. आण्णांनी त्याच्यापुढे मान हलवली, घरी आले आणि अंगणात गाडीशेजारी बसले. त्या डब्यातलं तेजाब त्यांनीच खायचा सोडा टाकून धुतलं होतं. काय झालं ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना वाटत होतं की लोकांनाही माहीत आहे. मला हाक मारली. मी ओरडा खायच्या तयारीने गेलो. ते इतकं हळू बोलले की कौलांवरच्या पावसात मला वाकून ऐकावं लागलं.

“सदा, मी ह्या लोकांच्या पोरांना सुया टोचल्या. ताप यायचा, दंड सुजायचे. तरी द्यायचे ते दंड पुढे करून. सरकारचा माणूस आपलं वाईट करायला आलेला नाही, एवढं त्यांना पटवायला माझं आयुष्य गेलं.” मग म्हणाले, “जाऊन सांग त्यांना.”

मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मापाची बॅटरी मुंबईहून आली, हसन मिस्त्रींनी पत्र आधीच टाकून ठेवलं होतं. ती त्यांनी बसवून दिली. आण्णांनी दिवा लावून बघितला, छान लागला. त्यानंतर गाडी खाडीकडे कधी गेली नाही.

कारखान्याची नळी त्याच दिवाळीआधी खाडीत पडली. पुढे दोन पावसाळ्यांत तिसऱ्या संपल्या, मग कालवं. येसूकाकीच्या थोरल्याला वॉचमनची नोकरी काही लागली नाही. तो मुंबईला गेला. मी आणखी वीस-बावीस वर्षं चळवळीत काढली, माणसं जोडली, भाषणं केली. कुठल्याही सभेत सरकारने अमुक दडपलं असं म्हणायची वेळ आली की माझी जीभ क्षणभर अडायची. लोकांना वाटायचं, भावना दाटून आली.

गेल्या वर्षी मी एकदाचा गेलो. आण्णांना जाऊन कैक वर्षं झाली, मीही पासष्टीत आहे. येसूकाकी आहे अजून. दिसत नाही फारसं, पण ओळख सांगितल्यावर तिने हात चाचपून माझा दंड धरला. मी पडवीत तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, बॅटरी लहान कशी घेतली इथपासून. सरकारने काही गहाळ केलं नव्हतं. माझ्या चुकीने जळलं, आणि मी खोटं बोललो. ती शांत ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, तेजाब म्हंजे ते सोनाराकडचं? मी म्हटलं, तसंच. मग माझं सांगून झालं.

“नाय रं,” ती म्हणाली. “सरकारानंच खाल्लान ते. तू देवीडाक्टराचा पोर, म्हणून आपल्या अंगावर घेतोस. तुमचं घर पहिल्यापासून असंच.”

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती माझ्या हातावर थोपटत राहिली. मग आत नातसुनेला हाक मारून म्हणाली, चा टाक गो, सरकारच्या चुकीची माफी मागायला हा एवढ्या लांब आलाय, आणि ती साखर जास्त घालायला सांगायला विसरली नाही. चहा आला. मी तो प्यालो.